मुकादम आता विमानात बसवतो
(इंदापूरच्या तरुणांपुढे केलेले भाषण)



बारामतीत भिंतीवर कागद बघितला. ‘परदेशात इंग्रजी शिकवा. पदवीची गरज नाही.’ एमआयडीसीत ठेकेदाराचं, कारखान्यात सीझनपुरतं काम करणारा पोरगा तिथं थांबणारच.

मी दहावी पास, गोदीत ओझी उचलणारा. पण थायलंडच्या शाळेत मास्तर व्हायला डिग्री लागते आणि टूरिस्ट व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे, एवढं मलाही कळतं. मग ‘पदवी नको’ म्हणणारा हा कोण? मुकादमच! ऊसतोड्याला मुकादम उचल देऊन बांधतो. हा आपल्याकडनंच उचल घेतो आन् बांधतोही. त्यापायी आई डोरलं मोडते, बाप शेळ्या विकतो.

कॉम्प्युटरच्या नोकरीच्या असल्याच जाहिरातींवर पोरं बँकॉकला उतरली, नदीपार म्यानमारात कोंडली गेली. पासपोर्ट हिसकावले. काम काय, तर फोनवर दुनियेला फसवायचं. नाही म्हटलं की मार. मार्च २०२५ मध्ये विमानदलाच्या दोन विमानांनी ५४९ माणसं परत आणावी लागली.

१९८३ च्या एमिग्रेशन अॅक्टनं नोंदणी नसलेल्या एजंटाला भरतीची बंदी केली. म्हणून आधी नोंदणी नंबर मागा, ई-मायग्रेटवर तपासा. पावती मागा. व्हिसा कसला, ते स्वतः वाचा.

परदेशी जाऊ नका, असं मी म्हणत न्हाई. बाबासाहेब १९१३ साली बोटीनं न्यूयॉर्कला गेले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन. जायचं तर माणूस म्हणून जा, माल म्हणून नको. माल चढवायला गोदीत आम्ही आहोत.