संगणकाची हजेरी



आजचा विषय ऐकून काही मंडळींचा हात रेडिओ बंद करायला पुढे होईल. विषय आहे संगणकाचा. त्यातही, संगणक सुरू करताना त्याला आपला कीबोर्ड, म्हणजे कळफलक, ओळखू आला नाही तर काय करावे, एवढाच. पण जरा थांबा. मी काही यंत्रविद्येचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. जे थोडेफार समजले ते चुका करून समजले. त्यामुळे जे मला समजले ते तुम्हालाही समजेल, याची मला खात्री आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर पन्हाळा तालुक्यातल्या एका गावी होते. मुक्काम शाळेत. शाळेला संगणकाची वेगळी खोली आहे. आत पाच संगणक, पैकी तिघांवर जुनी चादर पांघरलेली. चौकशी केली तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "सर, ती तिन्ही गेल्यात. पाऊस झाल्यापास्नं कीबोर्डच वळखत न्हाईत."

यात एवढे वाईट वाटण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. तर ते सांगतो. शाळेतल्या एक बाई दर रविवारी ही खोली गावातल्या माजी विद्यार्थिनींसाठी उघडतात. सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखकाची जागा हवी असेल, तर मराठी टंकलेखनाचे मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा आता संगणकावर घेते. टंकलेखनाचा वर्ग तालुक्याच्या गावी. तिथली फी आणि रोजचे एस.टी.चे भाडे सगळ्यांनाच कुठून झेपणार? म्हणून मुली इथे हात बसवतात. मुली नऊ, आणि चालू संगणक दोन! एकेकीच्या वाट्याला रविवारचा पाऊण तास. तीस शब्दांची गती पाऊण तासाच्या आठवड्याने येत नसते.

बाईंनी दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला होता. तो म्हणाला, तिन्ही पेट्या कोल्हापूरला आणून टाका. टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे यावर ते प्रकरण अडले होते.

आता एक विचारतो. विहिरीवरची मोटार पाणी उचलत नसेल, तर आपण ती उपसून लगेच रिवाइंडिंगला नेतो का? नाही. आधी लाइट आहे का बघतो. मग फ्यूज, स्टार्टर. मग फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का ते. मोटारीला हात सगळ्यात शेवटी. हे ज्याला कळते, त्याला संगणकाची ही तक्रार निम्मी कळली. नवल एवढेच, की तोच माणूस संगणकापुढे बसला की फूटव्हॉल्व्ह विसरतो आणि थेट मोटार खोलायची भाषा करतो.

संगणक सुरू झाल्याबरोबर कामाला लागत नाही. तो आधी हजेरी घेतो. मेमरी आहे का, पडदा आहे का, कीबोर्ड आहे का. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, त्यातही ही हजेरी होतीच. कीबोर्डला वीज मिळाली की बहुतेक कीबोर्डांवरचे तीन बारके दिवे क्षणभर लुकलुकतात. ते त्याचे "हजर!" समजा. ते ऐकू आले नाही, तर पडद्यावर इंग्रजीत ओळ येते की कीबोर्डमध्ये दोष आहे किंवा कीबोर्ड नाही, आणि तिच्याखाली, पुढे जायचे तर एफ-वन ही कळ दाबा! जो मुलगा वर्गात नाही त्यालाच फळा पुसायला सांगण्यासारखे हे आहे. लोक यावर हसतात, मीही हसलो. पण अर्थ सरळ आहे. कीबोर्ड नीट जोडा, आणि मग कळ दाबा.

पहिल्या संगणकावरची चादर काढली. जुना संगणक, कीबोर्डची पिन गोल, आत बारीक सुया असलेली. पेटीच्या मागे अशा दोन गोल खोबणी असतात, एक जांभळी आणि एक हिरवी. जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. कोणीतरी झाडलोट करताना वायरी उपसल्या होत्या आणि परत घालताना अदलाबदल केली होती. बस्स, एवढेच! पावसाळ्यापासून ते यंत्र हिरव्या खोबणीमुळे मेलेले होते. मात्र एक लक्षात ठेवा. ही गोल पिन संगणक बंद करूनच काढायची आणि घालायची. चालू संगणकात ती घातली तर बहुधा ओळख पटत नाही, कारण हजेरी होऊन गेलेली असते, आणि आतला भाग बिघडण्याचाही धोका असतो. शिवाय पिन दामटू नये. सुई वाकली की मग खरोखरीच खर्च.

दुसऱ्या संगणकाचा कीबोर्ड चपट्या पिनेचा होता, म्हणजे यू.एस.बी.चा. ही पद्धत १९९६ पासूनची. इथे हजेरी कधीही होते. पिन घातली की संगणक त्या वस्तूची चौकशी करतो आणि तिला एक क्रमांक देतो, पटावर नाव घालावे तसा. पण तो जोडला होता पेटीच्या पुढच्या बाजूला. पुढच्या खोबणी आतल्या एका वायरीने मुख्य पाटीला जोडलेल्या असतात, आणि ती वायर सैल झाली की वरून काही दिसत नाही. माझ्या घरी अगदी हेच झाले होते. मी कीबोर्ड फेकला, नवा आणला, तोही चालेना, तेव्हा डोके जाग्यावर आले. म्हणून पिन मागच्या बाजूला घाला. मागेही निळ्या खोबणीपेक्षा काळी आधी वापरून पाहा. काही यंत्रांत विंडोज सुरू होण्यापूर्वी निळी खोबण कामच करत नाही.

मागे जोडल्यावर दिवा लागला. पण पडद्यावर पुन्हा एफ-वनचीच मागणी, आणि तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. तारीख मागे गेली की ओळखावे, आतला सेल संपला. रुपयाएवढी चपटी चकती असते, तीन व्होल्टची, सी.आर. २०३२ या क्रमांकाची. संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते, आणि जुन्या यंत्रांत आपण केलेली जुळवणीही तीच राखते. भिंतीतली वायर काढून, पेटी उघडून, सेल बदलायचा आणि तारीख भरायची. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो.

तिसऱ्याचे निदान अवघड नव्हते, पण मी ते पद्धतशीर केले, आणि शिक्षक बंधुभगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे. शेजारच्या चालू संगणकाचा कीबोर्ड काढून या संगणकाला लावला, चालला. याचा कीबोर्ड त्या चांगल्या संगणकाला लावला, तिथेही मुका. म्हणजे पेटी निर्दोष, दोष कीबोर्डचा. या अदलाबदलीसारखी परीक्षा दुसरी नाही, आणि तिला पैसा लागत नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण घाईने कीबोर्ड बदलतो, खोबण बदलतो, पेटीला थाप मारतो, आणि सुरू झाले की थापेने झाले म्हणतो. वायर हातात घेऊन पाहिली, तर टेबलामागे उंदराने कुरतडलेली.

या तिघांत न सापडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो. संगणक "बंद" केला तरी भिंतीतले बटण चालू असेल तर आत थोडी वीज खेळत असते. कधी या विजेनेच आतला भाग अडून बसतो. तेव्हा मुख्य वायर काढा, सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणि मग पुन्हा वायर लावा. दुसरे असे, की २०१२ च्या विंडोज आठपासून "शट डाउन" केले तरी संगणक आदल्या दिवसाचे थोडे लक्षात ठेवून झोपतो. "रिस्टार्ट" केले तर नव्याने हजेरी घेतो. हे उलटे वाटेल, पण तसे आहे.

आणि एक पोरांची करामत. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली, की एक सोय चालू होते. थरथरत्या हाताच्या माणसांसाठी ती केलेली आहे. तिच्यात झटकन दाबलेली कळ संगणक मोजतच नाही. मूल शिफ्टवर कोपर टेकून बसते, आणि मागाहून बाईंना वाटते कीबोर्ड गेला. तीच कळ पुन्हा आठ सेकंद दाबा, काम झाले. आणि कीबोर्ड उत्तम असूनही पासवर्ड चुकतोच आहे, अशी तक्रार असेल, तर भाषा मराठीवर राहिली आहे का ते पाहा. गोदरेजचे टंकयंत्र १९५५ साली आले, त्यात कळ आणि अक्षर लोखंडाने बांधलेले होते. इथे कळ नुसता आकडा पाठवते. 'के'ची कळ दाबल्यावर पडद्यावर 'के' उमटावा की मराठीचा 'क', ते संगणक आत ठरवतो.

तर दोन संगणक त्याच संध्याकाळी उठले. त्यांतल्या एकाला सेल नंतर मिळाला, तोवर मुली रोज एफ-वन दाबून काम भागवत होत्या. तिसऱ्यासाठी मी कोल्हापुरात परतल्यावर साधा कीबोर्ड घेऊन एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवला. आता बाईंनी खोलीच्या दारामागे एक वही टांगली आहे. कोणत्या संगणकाला काय झाले, कोणी काय बदलले आणि कशाने चालू झाला, हे मुलीच तिच्यात तारखेसह लिहितात. परवा बाईंचा फोन आला होता. वहीतली शेवटची नोंद त्यांनी वाचून दाखवली: "तीन नंबर. कीबोर्ड मुका. आधी चार नंबरला लावून पाहिला. तिथे चालला. खोबण बदलली." खाली ज्या मुलीची सही होती, तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.