नेमके कधीपासून?



छत्तीसगढमधील भिलाई-3 इथल्या मराठी घरांतली मुले शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, आणि घरी मराठी बोलतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण एखादी गोष्ट कधी सुरू झाली हे सांगायची वेळ आली, की आपल्या मराठीत ‘जस्ट’ आणि ‘रिसेंटली’ एवढे दोनच शब्द उरतात. ‘क्लास रिसेंटली जॉइन केला’ म्हणजे गेल्या आठवड्यात की सहा महिन्यांपूर्वी? ‘आत्ताच’, ‘नुकताच’, ‘परवापरवा’, ‘अलीकडे’ यांत अंतराच्या पायऱ्या आहेत आणि बोलणाऱ्याची जवळीकही आहे. आपल्याच भिलाईचे पाहा: इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारताचा सोव्हिएत संघाशी करार 2 फेब्रुवारी 1955 ला झाला, पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली, आणि छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 ला जन्मले. घरातले आजोबा कारखान्याला ‘परवापरवाचा’ म्हणतील, आईवडील राज्याला ‘अलीकडचे’ म्हणतील, आणि तुम्हा विद्यार्थ्यांना दोन्ही जुनीच वाटतील. तारखेतून काळ कळतो. तो कोणाला किती जवळचा आहे, हे या शब्दांतून कळते.

कोणी म्हणेल, हा भाषाशुद्धीचा हट्ट झाला. तसे नाही. ‘हल्ली’ अरबीतून आला, ‘ताजा’ फारसीतून आला. त्यांनी मराठीत भर घातली. ‘रिसेंटली’ मात्र चार शब्दांना हुसकावून एकटा बसतो, माझी तक्रार तेवढीच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोकरीला इंग्रजीच लागते. लागतेच, म्हणून ती पुरती शिका. ‘आय ॲम स्टडीइंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, कारण ‘2023 पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना आपला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’, आणि क्रियापदाचे रूपही वेगळे: ‘आय हॅव बीन स्टडीइंग हिअर फॉर टू इयर्स’. आपला ‘पासून’ कसा चालतो हे ज्याला उमगले, त्याला ही चूक चटकन सापडते. मराठी नीट येणे इंग्रजीच्या आड येत नाही, उलट तिथे कामाला येते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, आपले कुटुंब भिलाईला कधी आले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. साल लिहून ठेवा, आणि ते सांगताना त्यांनी वापरलेला शब्दही तसाच टिपून ठेवा.