चेटकिणीला सुट्टी कोण देणार?

(महिला मेळाव्यात चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता आपण ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ पाहिला. हायाओ मियाझाकी यांचा १९८९ सालचा हा जपानी चित्रपट एइको कादोनो या लेखिकेच्या १९८५ मधल्या कादंबरीवर बेतलेला आहे. तुम्ही पोट धरून हसत होतात. खरं तर चेटकीण म्हटलं की आपल्याला हसू येत नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. करणीचा आळ घेऊन माणसाला छळणं हा गुन्हा ठरवायला महाराष्ट्रात २०१३ साल उजाडावं लागलं.

या सिनेमात मात्र चेटकीण असणं म्हणजे हातात एक कसब असणं. किकीची आई औषधं बनवते. किकीला फक्त उडता येतं. तेरा वर्षांची झाली की चेटकिणीनं परक्या गावी वर्षभर राहायचं आणि आपलं पोट आपण भरायचं, ही रीत. आईचा झाडू आणि जिजी हा बोका घेऊन पोरगी निघते. शहरात आल्या आल्या वाहतूक अडवली म्हणून पोलीस दरडावतो. सोबत मोठं माणूस नाही म्हणून हॉटेलात खोली मिळत नाही. एकट्या बाईला हे नवीन नाही!

तिला आसरा देते बेकरीवाली ओसोनो, स्वतः पोटुशी असलेली. पिठानं माखलेली माळ्यावरची खोली, टेलिफोन आणि सकाळची न्याहारी. बदल्यात दुकानात मदत. किकी उडत उडत सामान पोचवू लागते. अंगच्या गुणाचा रोजगार होतो.

कादंबरी आली त्याच वर्षी जपानमध्ये नोकरीतल्या समान संधीचा कायदा झाला. पण भरती आणि बढतीत मालकांनी समानतेसाठी ‘प्रयत्न करावा’, एवढंच त्यात होतं. सक्तीची मनाई १९९९ पासून लागू झाली. बाईच्या कसबाला दाद आणि दाम मिळवणं जादूच्या गोष्टीइतकं सोपं नसतं.

आणि गोष्टीतही ते सोपं नाही. एका आजीबाईंचा विजेचा ओव्हन बिघडतो. किकी जुनी लाकडाची भट्टी पेटवून देते आणि नातीच्या वाढदिवसाचा पदार्थ भर पावसात पोचवते. नात तोंड वाकडं करून दार लावून घेते. किकी तापानं फणफणते. पुढे एके दिवशी झाडू उडेनासा होतो, बोक्याचं बोलणंही कळेनासं होतं.

तेव्हा तिला कुणी ‘कामाला लाग’ म्हणत नाही. आजारपणात ओसोनो दुधातली पेज घेऊन आलेली असते. रानात राहणारी चित्रकार उर्सुला तिला आपल्या घरी नेते. आपलंही चित्र असंच अडलं होतं, तेव्हा काही काळ कुंचला खाली ठेवला, असं सांगते. आजीबाई किकीच्याच नावाचा केक करून ठेवतात. शेवटी हवेतल्या जहाजाला लटकलेल्या मित्राला वाचवायला ती रस्ता झाडणाऱ्याचा ब्रश मागून घेते आणि अडखळत का होईना, उडते.

आता आपल्याकडे बघू. रात्री-अपरात्री चौकीवर धावणारी, कोर्टाच्या तारखा सांभाळणारी, घरी पुन्हा चूल पेटवणारी कार्यकर्ती आपल्या प्रत्येक गटात आहे. एके दिवशी तिचा झाडू उडत नाही. आपण काय म्हणतो? ‘हल्ली तिचं कामात लक्ष नाही.’ ती गप्प बसते, मग बैठकीला येईनाशी होते. अशा किती जणी आपण गमावल्या, मोजून पाहा.

म्हणून पुढच्या बैठकीत एक विषय घेऊ या: कुठल्या मैत्रिणीला पंधरा दिवस सुट्टी हवी आहे, आणि तेवढे दिवस तिच्या केसेस कोण सांभाळणार? वहीत दोन्ही नावं लिहू. पेज घेऊन कोण जाणार, तेही लिहू.