टिटवीचं पोट ओलं का?

आपल्या आटपाडीच्या माळावर टिटवी न पाहिलेली बाई सापडायची नाही. डोळ्यापुढं लाल कातडी, लांब पिवळे पाय, आणि ओरडणं असं की निजलेलं पोर दचकावं. रात्री ओरडली की जाणती माणसं म्हणतात, अपशकुन झाला.

उन्हाळ्यात आम्ही गटातल्या बायका डाळिंबाच्या बागेत होतो. ठिबकची नळी गळून डबकं साचलं होतं. भर दुपारी एक टिटवी त्यात येई, पोट बुडवून उभी राही, आणि तशीच ओली माळाकडं जाई. पाणी पिईना, किडा टिपेना. थोड्या वेळानं पुन्हा हजर! कुणी म्हणालं, अंगाला उवा झाल्या असतील. कुणी म्हणालं, उन्हानं भ्रमली.

दोघीजणी लांबून मागं गेल्या. मुरमाड रानात उथळ खळगा, कडेनं बारके खडे आणि शेळीच्या लेंड्या. त्यात चार अंडी, दगडासारखीच ठिपक्यांची. ओल्या पोटानं ती अंड्यांवर आली. आपण खुडूक कोंबडी बसवतो ती उबेसाठी. मे महिन्यात उघड्या माळावर उलटं असतं, तिथं ऊब जास्त झाली तर अंडं आतच मरतं. म्हणून टिटवी सावली धरते आणि पिसांतून पाणी आणून अंडी गार ठेवते. नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात. (बाप्यांनी ऐकावं असं आहे हे.)

रात्रीचं ओरडणंही त्यातलंच. कुत्रं, कोल्हा, नाहीतर माणूस अंड्यांकडं निघालं की ती कालवा करते, अंगावर झेप घेते. कधी पंख लोळवत लंगडल्याचं सोंग करते, म्हणजे आपण तिच्या मागं जावं आणि अंडी लांब राहावीत.

अडचण पुढं आली. मृगाआधी रान तयार करायचं होतं, आणि अंडी फुटायला 28 ते 30 दिवस लागतात. ट्रॅक्टरवाला म्हणाला, चार अंड्यांसाठी फेरा मोडू का? तासाचे पैसे आमचेच जाणार होते, म्हणून आम्हीच ठरवलं आणि पाच पावलं जागा सोडली. अंडी उचलून बांधावर ठेवायचं कुणीतरी सुचवलं, ते आम्ही केलं नाही. हलवलेल्या जागी टिटवी येईलच असं नाही. खूण म्हणून काठी रोवली तीही जरा लांबच, कारण कावळा काठीवर बसून अंडी हेरतो.

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच पायावर चालायला लागतात, खळग्यात राहत नाहीत. मग राहिलेला तुकडा कुळवून घेता येतो.