दिनदर्शिकेवरील फुल्या
(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय कशाला, असे कोणासही वाटेल. शिवाय आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नव्हे. सरकारी कचेरीत फायली वाचण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु घरातील एक नोंद वेळेवर वाचावयाची आमच्याकडून राहिली, म्हणून हे चार शब्द.

आमच्या वहिनी येथे रिछाईस आमच्याकडेच राहत. चार घास खाल्ले की त्यांचे पोट भरे. परकराची नाडी सैल बांधावी लागे. हातपाय मात्र वाळत चालले होते. "वय झालं, भाऊजी, पोट सुटायचंच," असे त्या हसून म्हणत, आणि आम्ही हिंगाष्टक चूर्ण आणून देत असू. पाच महिन्यांनी सोनोग्राफी झाली, तेव्हा पोटात पाणी साठले होते आणि अंडाशयाचा कर्करोग उदरभर पसरला होता. पुढे दोन वर्षांनी वहिनी गेल्या.

अभिनेत्री आणि निर्मात्या स्मिता तळवलकर यांचे ६ ऑगस्ट २०१४ रोजी याच रोगाने निधन झाले. २०२२ साली भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

अंडाशय बदामाएवढे असते आणि ओटीपोटात खोल दडलेले असते. तेथे गाठ वाढली तरी बाहेरून हातास लागत नाही. म्हणून या रोगास मुका म्हणतात. पण तो अगदीच मुका नाही. त्याची बोली चार तक्रारींची आहे: पोट फुगलेले राहणे, थोडे खाताच पोट भरणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे, आणि वारंवार किंवा घाईची लघवी होणे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तर एक दिवसही थांबू नये.

या तक्रारी कोणाला होत नाहीत? बहुतेक वेळा कारण साधेच निघते. भेद आहे तो नवेपणाचा आणि सातत्याचा. अपचन येते आणि जाते. ही तक्रार मुक्काम करते. अमेरिकेतील डॉ. बार्बरा गॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली पोट फुगणे, लवकर भरणे आणि दुखणे या तीन तक्रारींसाठी एक मोजमाप मांडले: तक्रार वर्षभराच्या आत सुरू झालेली असावी आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवावी.

घरापासून इतक्या दूरही आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर आपण दुधाचे खाडे मांडतो, सिलिंडरची तारीख लिहितो. त्याच चौकटींत तक्रारीच्या दिवशी एक फुली मारावी. बारापेक्षा अधिक फुल्या झाल्या की ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि "अंडाशयाची तपासणी करावी काय?" असे स्पष्ट विचारावे.

काही गैरसमजही दूर व्हावेत. पॅप चाचणी गर्भाशयमुखाची असते. तिने हा रोग कळत नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी उपयुक्त आहे, पण प्रारंभीच्या रोगात ती पुष्कळदा निर्दोष येते आणि साध्या कारणांनीही वाढते. तक्रार नसलेल्या स्त्रियांची सरसकट तपासणी करून मृत्यू टळत नाहीत, असे दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या ब्रिटिश पाहणीतून २०२१ साली दिसले. म्हणजे स्वतःकडे लक्ष देण्यास अजून पर्याय नाही. पाळी थांबली म्हणजे धोका संपला, हेही खरे नव्हे. पन्नाशीनंतर तो वाढतो. आई, बहीण, आत्या, मावशी यांपैकी कोणास स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांस आवर्जून सांगावे. हा वारसा वडिलांकडूनही येतो.

रोग अंडाशयापुरता असताना सापडल्यास दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे अमेरिकेतील आकडे सांगतात. दूरवर पसरल्यावर जेमतेम तीन. तपासणीसाठी मुंबईच गाठावी लागते असेही नाही; येथे जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेवटची विनंती बंधूंना. आपल्या घरातील स्त्री सर्वांस वाढून शेवटी जेवते. ती किती जेवली हे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नाही. यापुढे तिच्या ताटाकडे लक्ष असू द्यावे, आणि फुल्या मारावयास ती विसरली तर पेन्सिल आपण हाती घ्यावी.