सेकंदाचा साठावा हिस्सा



2023च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. व्हिडिओ गेमसाठी तिथे पहिल्यांदाच अधिकृत पदकं होती. त्यातलं स्ट्रीट फायटर या दोघांच्या मारामारीच्या खेळाचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. वय वर्षं 44. मी ही बातमी घरात मोठ्यानं वाचली, तर मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबा, जवळजवळ तुमच्याच वयाचे की!" त्यातली खोच मला बरोबर लागली.

नव्वदच्या दशकात ठाण्यात शाळा सुटली की आम्ही रुपयाची नाणी खिशात वाजवत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये घुसायचो. स्ट्रीट फायटरची सहाही बटणं दणादण बडवायची, एवढंच आमचं शास्त्र. तिथे एक शांत मुलगा यायचा. तो बटणांना फारसा हातच लावायचा नाही, पण आपण उडी मारली की त्याचा ठोसा नेमका वर तयार. आम्ही म्हणायचो, याचा हात फास्ट आहे. आमचं निदान साफ चुकलं होतं.

हा खेळ सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, या वेगानं चालतो. डोळ्यांना काही दिसलं आणि बोट हललं, यात माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. कितीही तरबेज असला तरी बारा-तेरा फ्रेम. आणि खेळातला हलका ठोसा चार-पाच फ्रेममध्ये तोंडावर आदळतो. तो बघून अडवणं कुणालाच शक्य नाही. तो येणार हे आधी ताडावं लागतं. कुस्तीत सुरुवातीला खडाखडी चालते, हाताला हात लावून चाचपणी, ती पाहणाऱ्याला वेळकाढूपणा वाटते. इथेही पहिले काही क्षण दोघं नुसते पुढे-मागे करताना दिसतात. त्यात समोरचा घाबरला की काय करतो, हे टिपून घेतलेलं असतं.

बरं, जे बघून अडवता येतं, ते तरी सगळे अडवतात का? स्ट्रीट फायटर सिक्समध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक फटका आहे. तो लागायला 26 फ्रेम घेतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, आणि पडद्यावर रंगांचा भडका उडवत येतो. उलट तोच फटका मारला की झालं. एकट्यानं सराव करताना मी तो दहापैकी दहा वेळा परतवला. मग मुलाशी खेळायला बसलो आणि दहापैकी आठ वेळा खाल्ला. कारण उघड होतं. सरावात मी फक्त त्याचीच वाट बघत होतो. सामन्यात मात्र हा उडी मारेल का, पकडेल का, पायाशी मारेल का, माझी पाठ कोपऱ्याला लागलीय का, सगळीकडे एकदम लक्ष. खेळाडू याला 'मेंटल स्टॅक' म्हणतात. मी त्याला उतरंड म्हणतो. तळाचं मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात, आणि तेवढ्यात फटका बसलेला असतो. कसलेला खेळाडू मारतो कमी. दोनदा हूल देतो, एकदा उगाच मागे सरतो, आणि समोरच्याच्या डोक्यावर एकेक मडकं चढवत राहतो. स्वतःच्या डोक्यावरची मात्र तो खुशाल उतरवून ठेवतो. कशाकडे बघायचं नाही हे ठरवणं आणि ते ठरवून एखादा मार मुकाट खाणं, मला यातलं सगळ्यात अवघड हेच वाटतं. राग आला की ते पहिलं सुटतं.

आता 2004 सालचा एक प्रसंग सांगतो. कॅलिफोर्नियात पोमोना इथे इव्हो ही व्हिडिओ गेमची स्पर्धा चालू होती. जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग, दोघंही एकेकदा हरलेले. आता हरणारा थेट बाहेर. उमेहाराच्या योद्ध्याचा, केनचा, जीव केसाएवढा उरलेला. नुसता बचाव केला तरी तेवढ्या घासण्यानं तो संपणार. वाँगला घाई नव्हती. भोवतीची गर्दी ओरडत होती. तिथे खेळत होते त्या स्ट्रीट फायटरमध्ये जॉयस्टिक मागे ओढली की बचाव होतो. पण फटका पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी ती पुढे, मार येतोय त्याच दिशेनं ढकलली, तर काहीच इजा होत नाही. वाँगच्या चुन-लीनं 15 लाथांचा डाव सोडला. पहिली लाथ इतकी झटकन येते की ती बघून हात हलवला तर उशीरच. उमेहारानं ती येणार हे धरूनच जॉयस्टिक ढकलली होती. मग उरलेल्या 14, एकेक करून. शेवटची तर उडी मारून हवेत. आणि खाली येताच उलटा हल्ला. केन जिंकला. लोक खुर्च्यांवरून उठले.

या क्षणांची चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते. ती जिथे थांबते, तिथे उमेहाराचं काम संपलं नव्हतं. त्याला पुन्हा खुर्चीत बसून अंतिम सामना खेळायचा होता. तो त्याच्याच देशाच्या केंजी ओबातानं जिंकला.