कायद्यातून खोडलेला शब्द



या खुर्चीवर माझ्याआधी कवी बसले, कादंबरीकार बसले. मी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत तीस वर्षं काढलेला माणूस. टिपणं लिहिता लिहिता कथा लिहायला लागलो. तेव्हा बोलणार शब्दांबद्दलच, पण कचेरीतल्या.

1963 साली आपल्या राज्याने कायदा करून आपल्या कायद्यांतला दुष्काळ हा शब्दच काढून टाकला. त्या जागी टंचाई आली. हेतू वाईट नव्हता. टंचाईची चाहूल लागताच सरकार धावून जाणार, मग दुष्काळ पडेलच कसा, असा तो हिशेब. पुढे नऊच वर्षांनी 1972 उजाडलं.

मी तेव्हा सात वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी निम्मी खाऊन निम्मी पदराच्या गाठीत आणायची. रेशनवर लाल मिलो. त्याची भाकरी थापतानाच तुटायची. मे 1973 मध्ये अशा कामांवर राज्यात सुमारे 50 लाख माणसं होती. हाल झाले, पण 1943 च्या बंगालसारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत. म्हणजे खोडलेल्या शब्दाची लाज सरकारने राखली म्हणायची.

त्यातूनच हमी हा शब्द मोठा झाला. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगाचा पुढे 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. त्यासाठी शहरातल्या पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. खेड्यातल्या खडीचे पैसे मुंबईच्या कारकुनानेही भरले, ही गोष्ट आपल्या एकाही कादंबरीत मला सापडली नाही. माझं वाचन कमी असेल.

आता ज्या शब्दाने मला नोकरीत सर्वांत जास्त छळलं, तो सांगतो. इष्टांक. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य हा हक्क झाला. जानेवारी 2023 पासून ते फुकटही झालं. पण किती माणसांना द्यायचं तो आकडा 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. तोच इष्टांक. नवी सून आली, नातू झाला, तरी इष्टांक भरलेला असला की नाव चढत नाही. कुणी मेलं किंवा कुणाचं नाव कमी झालं की जागा होते. हक्काच्या कायद्याखाली लोकांच्या अर्जांवर मी कित्येकदा लिहिलंय, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कागदावर त्यांना म्हणायचं लाभार्थी. हकदार लिहिलेला कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही, आणि मीही कधी लिहिला नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका रेशन दुकानाच्या तपासणीला गेलो होतो. रांगेत एक म्हातारी. पॉस मशीनवर अंगठा ठेवला, ठसा उठेना. पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मग दुसरा. दुकानदार म्हणाला, ‘आजी, रेषाच राहिल्या नाहीत की.’

ती म्हणाली, ‘बहात्तरला खडी फोडली ना बाबा.’

मी दुकानदाराला रजिस्टर काढायला सांगितलं, आणि अंगठ्याऐवजी तिच्या नातवाच्या मोबाइलवर आलेल्या आकड्यांवर तिची पिशवी भरली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र मला सुचेना. शेवटी लिहिलं, ‘तांत्रिक अडचण.’